तीन लायल, एक नोंद : इंग्रज अधिकाऱ्याचा चरित्रलेख संदर्भांसह लिहायचा आणि तपासायचा कसा

वर्ध्याबद्दलच्या मजकुरात एक वाक्य बरीच वर्षं फिरतं आहे : शहर १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर वसलं आणि त्याची आखणी सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांच्या देखरेखीखाली झाली. क्रॅडॉक यांचा जन्म १८६४ चा. म्हणजे दोन वर्षांचं पोर दोरी धरून रस्ते आखत होतं म्हणायचं. ज्यांनी हे उतरवून घेतलं त्यांच्या मनात खोट नव्हती. दोन सनं शेजारी ठेवून पाहिली नाहीत, एवढंच.

दर्यापुरात आम्ही काही जण रविवारी वाचनालयात बसून विकिपीडियासाठी नोंदी लिहितो आणि एकमेकांच्या तपासतो. इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्यांवरच्या नोंदींत चुकीचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. लेख आधी लिहून होतो, संदर्भ मागून शोधले जातात. पेरून झाल्यावर बियाण्याची उगवण तपासण्यासारखं हे आहे. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. उदाहरण म्हणून आल्फ्रेड कॉमिन लायल हा एकच माणूस शेवटपर्यंत धरला आहे. वऱ्हाडचं १८७० चं गॅझेटियर, म्हणजे त्या मुलखाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, तयार करणारा हा अधिकारी. त्याच्या नोंदीत चुकायला जेवढ्या जागा आहेत, तेवढ्या क्वचितच कुणाच्या नोंदीत असतील.

टप्पा १ : माणूस नक्की कोणता, ते आधी ठरवा

‘लायल’ एवढंच नाव घेऊन शोधायला बसलात तर तीन माणसं हाती लागतात, आणि तिघंही ‘सर’.

पहिला आपला, आल्फ्रेड कॉमिन लायल, १८३५ ते १९११. बंगाल सिव्हिल सर्व्हिस, १८५६ मध्ये हिंदुस्थानात आला, पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर झाला, पुढे हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव आणि १८८२ ते १८८७ वायव्य प्रांताचा (आजच्या उत्तर प्रदेशाकडचा भाग) लेफ्टनंट गव्हर्नर.

दुसरा त्याचा सख्खा भाऊ जेम्स ब्रॉडवुड लायल. हा १८८७ ते १८९२ पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. म्हणजे एका भावानं ज्या वर्षी लेफ्टनंट गव्हर्नरपद सोडलं, त्याच वर्षी दुसऱ्यानं दुसऱ्या प्रांतात तेच पद घेतलं. पुढे १८९८ च्या दुष्काळ आयोगाचा अध्यक्षही हाच जेम्स.

तिसरा चार्ल्स जेम्स लायल, १८४५ ते १९२०, अरबी भाषेचा मोठा पंडित. हा १८९५ ते १८९८ मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा नागपुरात कारभार याच्या हाती होता.

आता होतं काय पाहा. लिहिणाऱ्याला ‘लायल’, ‘दुष्काळ’, ‘मध्य प्रांत’ हे तीन शब्द एका पानावर दिसतात आणि तो आल्फ्रेडच्या नोंदीत लिहून मोकळा होतो की, दुष्काळात त्यानं अमुक केलं. आल्फ्रेड तेव्हा लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचा सदस्य होता. दुष्काळ चार्ल्सच्या कारकिर्दीतला आणि आयोग जेम्सच्या अध्यक्षतेखालचा. तिघांची खिचडी होते, आणि वाक्याला संदर्भ जोडलेला असल्यामुळे ती कुणाच्या ध्यानातही येत नाही.

टेंपलचंही तेच. १८६० च्या दशकात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर असलेला सर रिचर्ड टेंपल, १८२६ ते १९०२, हा बाप. त्याचा मुलगा सर रिचर्ड कार्नॅक टेंपल, १८५० ते १९३१, लष्करातला माणूस आणि पुढे अंदमान-निकोबारचा चीफ कमिशनर. नाव एक, किताब एक, पदाचं नावही एक.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा : पूर्ण नाव (मधल्या नावासकट), जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, सेवा कोणती (बंगाल सिव्हिल, मद्रास सिव्हिल की लष्कर), जवळच्या नातलगांपैकी आणखी कोण हिंदुस्थानात नोकरीला होतं, आणि विदर्भात तो कोणत्या पदावर होता. हे पान भरल्याशिवाय पुढे सरकू नका.

*तपासा :* हाती आलेल्या प्रत्येक साधनात तुमच्या माणसाचं मधलं नाव किंवा पद स्पष्ट दिसतं का? नुसतं ‘मिस्टर लायल’ असेल तर साल पाहा. सालानंही उलगडा झाला नाही, तर ते साधन बाजूला ठेवा.

टप्पा २ : काळ आणि हद्द यांचा तक्ता करा

विदर्भाच्या बाबतीत हा टप्पा गाळला की नोंद फसतेच. ‘विदर्भ’ हा शब्द आज आपण अकरा जिल्ह्यांना मिळून वापरतो. लायलच्या काळात हा एक मुलूख नव्हता. नागपूरकडचा भाग वेगळा, वऱ्हाड वेगळं, आणि दोन्हीकडचे वरिष्ठही वेगळे. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक हातानं लिहिलेला तक्ता लावला आहे, त्यात एवढंच आहे :

१८५३ – निजामानं कराराने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिलं. इथला वरिष्ठ म्हणजे हैदराबादचा रेसिडेंट, निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी.
१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं.
१८६१ – मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूरला चीफ कमिशनर आला.
१९०२ – वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतलं.
१९०३ – वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला.
१९०५ – वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेलं, वाशिम अकोल्यात, आणि वणी जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळालं.
१९२० – चीफ कमिशनरऐवजी गव्हर्नर.

हा तक्ता समोर असला की कितीतरी वाक्यं आपोआप गळतात. ‘टेंपल यांनी अमरावती जिल्ह्यात शाळा काढल्या’ हे वाक्य आलं की लगेच विचारायचं : टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर असताना अमरावती त्याच्या हाताखाली होती कुठे? आमचं दर्यापूरसुद्धा १९०५ पर्यंत एलिचपूर जिल्ह्यात होतं. तेव्हा १८७० च्या कागदात ‘अमरावती जिल्हा’ या नावाखाली दर्यापूर शोधत बसाल तर दिवस वाया जाईल.

पदांची नावंही या तक्त्यालाच जोडून घ्या. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख ‘डेप्युटी कमिशनर’ असे, ‘कलेक्टर’ नव्हे. आज आपण कलेक्टर म्हणतो म्हणून १८७० चा अधिकारी कलेक्टर होत नाही. आणि हे नाव वाचून त्याला कुणाचा तरी मदतनीस समजू नका; जिल्ह्याचा धनी तोच होता.

जमीन महसुलाचंही तसंच. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल करायची पद्धत, नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागातली. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर खातेदारी, म्हणजे शेतकऱ्याचा सारा थेट सरकारला. ‘लायलनं वऱ्हाडातली मालगुजारी सुधारली’ असं लिहिलेला मसुदा आमच्याकडे एकदा आला होता. वाक्य ऐटदार होतं.

*सावधान :* ‘सर’ ही पदवी कोणत्या वर्षी मिळाली ते तक्त्यात लिहा. लायल ‘सर’ झाला १८८१ मध्ये. १८७० चं गॅझेटियर ‘सर आल्फ्रेड लायल यांनी’ तयार केलं नाही. श्रीयुत लायल यांनी केलं.

टप्पा ३ : साधनं गोळा करा

खेड्यात बसून हे जमत नाही, असं पुष्कळांना वाटतं. जमतं, फक्त शोध कसा घ्यायचा ते कळलं पाहिजे.

आधी जागांच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगांची यादी करा, कारण शोधखिडकीत आजची नावं टाकून काही हाती लागत नाही. अचलपूर म्हणजे एलिचपूर, यवतमाळ म्हणजे येवतमाळ, चंद्रपूर म्हणजे चांदा, वाशिम म्हणजे बासिम, वणी म्हणजे वून. अमरावतीची तर चार-पाच रूपं भेटतात. आणि वऱ्हाडाला सरकारी कागदात ‘बेरार’ म्हणण्याऐवजी अनेकदा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हटलेलं असतं. लायलच्या गॅझेटियरच्या नावातही तेच आहे. हे ठाऊक नसेल तर पुस्तक समोर असून दिसत नाही.

मग हा क्रम धरा :

१. कोशातली छोटी चरित्रं. लायल आणि थोरला टेंपल दोघंही ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाच्या १९१२ च्या पुरवणीत आहेत. सांगाडा इथून घ्या.
२. स्वतंत्र चरित्र असेल तर ते. लायलचं चरित्र मॉर्टिमर ड्युरांडनं लिहिलं, १९१३ साली.
३. सरकारी नोकरीची छापील यादी आणि लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र). नेमणुका, बढत्या, किताब यांच्या तारखांसाठी याहून पक्कं काही नाही.
४. गॅझेटियरं. १८७० ची आणि १९०६ नंतर निघालेली जिल्हावार.
५. स्वातंत्र्यानंतर इतिहासाच्या अभ्यासकांनी लिहिलेली पुस्तकं आणि नियतकालिकांतले लेख. हे शेवटी लिहिलं असलं तरी महत्त्वानं शेवटचं नाही.

यातलं जुनं बहुतेक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे, आणि महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागानंही जुने खंड ऑनलाइन ठेवले आहेत. फायली जड असतात. गावात दिवसा रेंज मिळत नाही, मिळाली तर लाइन जाते. आम्ही फाइल रात्री डाउनलोडला लावतो, पेनड्राइव्हवर ठेवतो आणि रविवारी वाचनालयाच्या संगणकावर सगळ्यांसाठी उघडतो. परीक्षकालाही तीच फाइल द्यायची असते, तेव्हा नाव नीट द्या : ग्रंथाचं नाव, साल, खंड. ‘न्यू डॉक्युमेंट सात’ या नावाच्या फायलीनं आमचा एक अख्खा रविवार खाल्लेला आहे.

नागपूरच्या अभिलेखागारात जायचं असेल तर महाविद्यालयाचं किंवा वाचनालयाचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल बरोबर ठेवा, आणि आधी फोन करून वेळ विचारा. एसटीचा सगळा दिवस मोडतो. तिथली मूळ फाइल हाती आली की माणूस हुरळून जातो. पण कोशातली नोंद म्हणजे संशोधन निबंध नव्हे. फायलीवरून तुम्ही स्वतः काढलेला निष्कर्ष नोंदीत बसत नाही. फायलीचा उपयोग छापील साधनातली तारीख पडताळायला करा.

*सावधान, सापळा :* १८७० साली गॅझेटियरं दोन निघाली. वऱ्हाडचं लायलचं, मध्य प्रांताचं चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं. ‘१८७० चं गॅझेटियर’ एवढाच संदर्भ दिला तर परीक्षक वर्ध्यासाठी लायलचं उघडेल आणि अकोल्यासाठी ग्रँटचं. शिवाय दोन्हींची नवी पुनर्मुद्रणं बाजारात आहेत. त्यांच्यावरचं अलीकडचं साल पाहून ग्रंथ अलीकडचा मानू नका.

*तपासा :* स्कॅनमधून आपोआप काढलेल्या मजकुरात ३ आणि ८ यांची अदलाबदल नेहमी होते. १८५३ चं १८५८ झालं की इतिहास पालटतो. प्रत्येक सन पानाच्या चित्रावर डोळ्यांनी पाहा.

टप्पा ४ : साधनांची प्रतवारी लावा

कापूस जिनिंगवर नेला की आधी प्रत लागते, भाव मागून ठरतो. इथंही एकेक साधन हातात घेऊन विचारायचं : हे कुणी लिहिलं, कधी, आणि त्याचा या माणसाशी संबंध काय?

लायलनं स्वतः लिहिलेलं गॅझेटियर लायलच्या कर्तबगारीचा पुरावा होत नाही. ‘या ग्रंथात त्यानं वऱ्हाडची अशी मांडणी केली’ एवढ्यासाठी ते चालतं. ड्युरांडचं चरित्र तपशिलानं भरलेलं आहे, पण ड्युरांडनं परराष्ट्र खात्यात लायलच्या हाताखाली काम केलं होतं. तारखा घ्या, स्तुती घ्यायची असेल तर ‘ड्युरांडच्या मते’ असं म्हणून घ्या. चरित्रकोश त्यामानानं आटोपशीर, पण तोही त्यांच्याच वर्तुळातला आणि त्याच काळातला. म्हणून स्वातंत्र्यानंतरचं एक तरी स्वतंत्र साधन नसेल, तर ‘मूल्यमापन’ नावाचा विभाग लिहूच नका. तो विभाग नसला तरी नोंद उभी राहते.

आणि मग येतात संकेतस्थळं. एका पोरानं मला सांगितलं, “सर, थे त साऱ्या साइटीवर असंच हाये.” मी म्हटलं, “मंग साऱ्याइनं एकाच जागचं उतरवलं असन बाप्पा.” शोधलं तर तसंच निघालं, चुकीच्या शब्दासकट सगळं सारखं. दहा ठिकाणी एकच वाक्य असेल तर ते साधन एकच. चिखलदरा १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं ‘शोधून काढलं’ हे वाक्य असंच सर्वत्र भेटतं. त्यात साल आणि नाव कुठून आलं याचा माग छापील ग्रंथापर्यंत काढा. आणि ‘शोधून काढलं’ हा शब्द तर तिथे आधीपासून राहणाऱ्या कोरकू आदिवासींसमोर मोठ्यानं उच्चारून पाहा.

गावातली तोंडी माहिती टाकून देऊ नका, पण तिची जागा ओळखा. ‘हा डाकबंगला लायल साहेबानं बांधला’ असं आजोबा सांगतात तेव्हा ती आठवण छापील साधनाकडे नेणारी खूण असते. नोंदीत जाईल ते छापील साधन.

टप्पा ५ : वाक्यवही

हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पळवाट काढतात.

लांब वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा. पहिल्यात विधान, मराठीत, एका ओळीत एकच. दुसऱ्यात साधन. तिसऱ्यात पान क्रमांक. तो पुस्तकावर छापलेला, पीडीएफचा नव्हे. चौथ्यात मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवलेली. चौथा रकाना आळसानं गाळला जातो, आणि परीक्षणाच्या वेळी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

‘एका ओळीत एकच विधान’ याचा अर्थ असा : ‘लायल ईटन आणि हेलीबरीला शिकून १८५६ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८५७ च्या धामधुमीत बुलंदशहर भागात लढला’ ही एक ओळ नव्हे, चार ओळी आहेत. चारही एकाच पानावर सापडतील असं नाही. वाक्याच्या शेवटी एकच संदर्भ लावला की वाचणारा चारहींना तो लागू धरतो.

*तपासा :* तिसरा रकाना रिकामा असलेली ओळ मसुद्यात जाणार नाही. कितीही खरी वाटली तरी.

टप्पा ६ : मसुदा लिहा

वाक्यवही नीट भरली असेल तर लिहायला एक दुपार पुरते. क्रम साधा ठेवा : ओळख, शिक्षण आणि सुरुवात, नेमणुका कालक्रमानं, विदर्भातलं काम, लेखन, टीका आणि मूल्यमापन, मृत्यू. ओळखीचा परिच्छेद शेवटी लिहा.

खरी अडचण भाषांतराची येते. यंत्राकडून इंग्रजी नोंद मराठी करून घेतली की काय होतं ते मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. ‘सेटलमेंट ऑफिसर’चा होतो ‘वसाहत अधिकारी’. तो असतो जमीन महसुलाचा बंदोबस्त अधिकारी. ‘रेसिडेंट’ होतो ‘रहिवासी’, मग हैदराबादचा रहिवासी वऱ्हाडावर राज्य करू लागतो. ‘मिनिट’ म्हणजे अधिकाऱ्याचं टिपण. ‘त्यांच्या प्रसिद्ध मिनिटात’ असं छापून आलेलं मी वाचलं आहे. ‘ऑफिशिएटिंग’ म्हणजे हंगामी. तो शब्द गाळला तर एकाच वर्षी एका प्रांताला दोन चीफ कमिशनर होतात आणि मग दोन नोंदी एकमेकींशी भांडत बसतात. ‘फॉरेन सेक्रेटरी’ लायल हिंदुस्थान सरकारचा होता. ‘ब्रिटनचे परराष्ट्र सचिव’ लिहिलं की त्याला थेट लंडनच्या मंत्रिमंडळात बसवलं.

आता सूर. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक : ‘प्रजाहितदक्ष, कर्तव्यकठोर, न्यायप्रिय साहेब’. दुसरं : ‘जुलमी, लुटारू, रक्तपिपासू’. दोन्ही विशेषणं काढा आणि त्यानं काय केलं ते लिहा. चार्ल्स लायलच्या नोंदीत १८९६-९७ चा दुष्काळ येणारच. तिथे सरकारी अहवाल काय म्हणतो ते अहवालाच्या नावानं, आणि नंतरचे इतिहासकार काय म्हणतात ते त्यांच्या नावानं. ‘त्यांनी दुष्काळ यशस्वीपणे हाताळला’ हे वाक्य तुमच्या स्वतःच्या तोंडून येता कामा नये. ‘त्यांनी लोकांना मरू दिलं’ हेही नाही.

शेजारी काम करणाऱ्यांची नावं गाळू नका. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा १९१६ चा ग्रंथ नुसता आर. व्ही. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर लिहिणारे पुष्कळ. रायबहादूर हिरालाल यांचं नाव मुखपृष्ठावर असूनही नोंदीतून गळतं. याच रसेलच्या नोंदीत आणखी एक खड्डा आहे. तो ३० डिसेंबर १९१५ ला ‘पर्शिया’ ही बोट भूमध्य समुद्रात पाणतीरानं बुडाली त्यात गेला. ग्रंथ आला त्याच्या पश्चात. ‘१९१६ मध्ये त्यानं ग्रंथ प्रसिद्ध केला’ हे व्याकरणात बसतं, इतिहासात नाही.

*सावधान :* मसुदा थेट मुख्य नोंदीत टाकू नका. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लेखनाच्या पानावर, ठेवा आणि किमान एक आठवडा हात लावू नका.

टप्पा ७ : परीक्षण

पिअर रिव्ह्यू म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, असा समज इतका पक्का आहे की परीक्षक लाल पेन घेऊनच येतो. शुद्धलेखन शेवटी. आधी संदर्भ.

परीक्षक असा निवडा की ज्याला इंग्रजी वाचता येतं आणि जो लेखकाला ‘पान कुठलं?’ असं विचारायला बिचकत नाही. गावात हे वाटतं तितकं सोपं नाही. लेखक निवृत्त मुख्याध्यापक, परीक्षक त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांना चूक कशी दाखवायची? आमच्याकडे यावर उपाय निघाला तो असा की परीक्षक बोलत नाही, शेरा लिहितो, आणि शेरा वाक्याच्या क्रमांकावर असतो, माणसावर नाही. ‘वाक्य १४ : पान २१२ वर हे सापडलं नाही’ यात कुणाचा मान जात नाही.

परीक्षण तीन फेऱ्यांत करा.

पहिल्या फेरीत लेख वाचायचा नाही. उलट वाटेल, पण लेख आधी वाचला की त्याची गोडी लागते आणि डोळा ढिला पडतो. फक्त संदर्भांची यादी घ्या. प्रत्येक ग्रंथ खरोखर आहे का, साल जुळतं का, खंड दिला आहे का, फाइल उघडते का? जो ग्रंथ लेखकानंही पाहिलेला नाही, दुसऱ्या नोंदीतून उचलला आहे, तो इथेच उघडा पडतो. लेखकाला सरळ विचारा, “दादा, हे पुस्तक तुम्ही स्वतः उघडलं का?” उत्तर ‘नाही’ असेल तर रागावू नका, तो संदर्भ काढा.

दुसरी फेरी वाक्यनिहाय. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या, दिलेलं पान उघडा आणि चारपैकी एक शेरा मारा : *जुळतं*, *अर्धं जुळतं*, *जुळत नाही*, *साधन उघडता आलं नाही*. चौथ्या शेऱ्याची लाज वाटू द्यायची नाही. नेट नव्हतं म्हणून पान पाहिलं नाही आणि ‘जुळतं’ लिहिलं, हे परीक्षकाचं सगळ्यात मोठं पाप. वेळ कमी असेल तर या वाक्यांना तरी सूट नाही : ज्यात आकडा आहे, ज्यात अवतरण आहे, ज्यात ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात’ आहे, ज्यात दुसऱ्या माणसाचं किंवा समाजाचं नाव येतं, आणि ज्यात त्याची स्तुती किंवा निंदा आहे.

‘अर्धं जुळतं’ हा शेरा तुम्ही सगळ्यात जास्त वेळा माराल. उदाहरणार्थ, मसुद्यात वाक्य आहे : ‘१८८७ मध्ये लायलनं अलाहाबाद विद्यापीठ स्थापन केलं.’ साधन सांगतं की त्याच्या कारकिर्दीत, १८८७ साली, विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचा त्यात पुढाकार होता. विद्यापीठ कायद्यानं होतं, एकट्या साहेबाच्या हातानं नाही. क्रियापद बदललं की वाक्य खरं होतं. परीक्षकानं नुसतं ‘चूक’ लिहून थांबू नये. खरं होईल असं वाक्य शेऱ्यातच सुचवावं.

याच फेरीत उलटी तपासणीही करा. वाक्यावरून साधनाकडे जातोच आपण. आता साधनावरून वाक्याकडे या. चरित्रकोशातला लायलवरचा मजकूर समोर ठेवा आणि त्यातलं काय मसुद्यात आलंच नाही ते पाहा. गाळलेलं एकाच बाजूचं असेल, फक्त टीका किंवा फक्त गौरव, तर लेखकाला कारण विचारा.

तिसऱ्या फेरीत लेख सलग वाचा. आता भाषा, क्रम, शुद्धलेखन. इथेच आणखी एक गोष्ट पाहायची : इंग्रजी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं भाषांतरित करून ठेवलंय का? मूळ ग्रंथ स्वामित्वहक्काबाहेर गेला असला तरी उचललेलं आहे ते सांगावंच लागतं. आणि अलीकडचा ग्रंथ असेल तर भाषांतर हीही नक्कलच. वाक्यवहीचा चौथा रकाना शेजारी ठेवला की हे मिनिटात कळतं.

*तपासा :* परीक्षणाच्या कागदावर एकही ‘जुळत नाही’ नसेल आणि लेख दोन पानांहून मोठा असेल, तर परीक्षण झालेलं नाही असं धरा. दुसऱ्या माणसाला द्या.

टप्पा ८ : दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी

लेखकानं शेऱ्यांना क्रमानं उत्तर द्यावं : केलं, नाही केलं (का?), किंवा वाक्य काढलं. चर्चा पानावर हे सगळं राहू द्या, म्हणजे सहा महिन्यांनी दुसरा कुणी तीच शंका काढणार नाही.

दुरुस्तीत एक अपघात हमखास होतो. वाक्य एका परिच्छेदातून दुसऱ्यात नेलं जातं आणि त्याचा संदर्भ जागीच राहतो, किंवा दोन वाक्यांच्या मध्ये तिसरं घुसवलं जातं आणि मागचा संदर्भ नकळत त्याला चिकटतो. म्हणून बदललेली वाक्यं तरी परीक्षकानं पुन्हा पानावर पडताळावी. इथे घाई झाली की आधीचे सात टप्पे पाण्यात.

साधनं एकमेकांशी जुळत नसतील तर, म्हणजे नेमणुकीचं साल एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे पुढचं, तर आवडेल ते निवडू नका. नेमणुकीचा हुकूम आणि प्रत्यक्ष रुजू होणं यात महिने जात. लंडन गॅझेट किंवा नोकरीची यादी पाहून ठरवा. तरी सुटलं नाही तर दोन्ही सालं साधनांसह द्या.

टप्पा ९ : छायाचित्र

हे मुद्दाम सर्वात शेवटी ठेवलं आहे, कारण लोक सुरुवात इथूनच करतात. दाढीवाला साहेब दिसला की लावला. दोघे सख्खे भाऊ, दोघेही ‘सर’, दोघेही लेफ्टनंट गव्हर्नर. शोधयंत्र ‘सर लायल’ म्हटल्यावर यातला कुणीही पुढे करतं. चित्र कोणत्या छापील ग्रंथातून किंवा संग्रहातून आलं, त्याखाली मूळ मथळा काय होता, हे पाहिल्याशिवाय लावू नका. मथळ्यात मधलं नाव नसेल तर जागा रिकामी ठेवा. आमच्या एका नोंदीत ती अजूनही रिकामी आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी भला माणूस तिथे जेम्सचा फोटो लावून जातो.